पाठमोऱ्या बाईला गाडी कळते का

माझा राग नाकावर असतो. नवरा म्हणतो, बरं झालं तुला कॉम्प्युटरपुढं बसायचं काम मिळालं. गिऱ्हाइकांशी बोलायचं असतं तर आठ दिवसांत हाकललं असतं. त्याचं खरं आहे. पण कॉम्प्युटरपुढं बसूनही मी भांडण काढलंच, आणि तेही एका पाठमोऱ्या बाईवरून.

आधी काम सांगते. रस्त्यानं जाणाऱ्या गाडीच्या काचेमागं कॅमेरा लावलेला असतो. तो रस्त्याचे फोटो काढत जातो, एकामागून एक. ते फोटो आमच्याकडं येतात. त्यातलं प्रत्येक माणूस, मोटारसायकल, कुत्रं, हातगाडी, उसाचा ट्रॅक्टर, सगळ्यांभोवती आम्ही चौकट ओढायची आणि तिला नाव द्यायचं. अशा ढिगानं चौकटी बघितल्या की मशीन आपलं आपण शिकतं म्हणे: हे माणूस, हे झाड. मग एक दिवस गाडी ड्रायव्हरवाचून चालणार. गाडी कुठली, कंपनी कुठली, हे आम्हाला कुणी सांगत नाही. आम्ही बसतो सोलापुरात, टॉवेलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, आणि दुपारी खालनं नव्या कापडाचा वास येतो.

माणसाला चौकट ओढली की सुटका नाही. पुढं दोन प्रश्न असतात. तोंड कुणीकडं आहे, गाडीकडं, बाजूला की पाठमोरं? आणि गाडी येतेय हे त्याला कळलंय का? ऑफिसात अवेअर आणि नॉट अवेअर म्हणतात. मी मनातल्या मनात भान आहे, भान नाही, असं म्हणते. भान नसलेल्या माणसापाशी गाडीनं आधीच हळू व्हायचं, म्हणून हा सगळा खटाटोप. नियम सरळ आहे. माणूस पाठमोरं असेल, मान वळवलेली नसेल, हात केलेला नसेल, तर भान नाही.

नियम करणाऱ्यानं माझ्या आईला बघितलं नव्हतं.

आमचं गाव सांगोल्याकडचं, कोरडं. दिवाळी झाली की रानात काडी उरायची नाही. मग आई-वडील मेंढरं घेऊन कालव्याच्या मुलखाला निघायचे. तिथं कुणाच्या तरी मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत मिळतं म्हणून शेतकरी धान्य देतो. ते रान झालं की पुढचं. माघारी यायचे ते मिरगाला, पहिल्या पावसाला. मी सहा वर्षांची झाले तेव्हा मला शाळेसाठी मामाकडं ठेवलं. दादा थोरला, तो मेंढरांमागं गेला. पोरीला शिकवायची हे आईनंच ठरवलं होतं. उपकारच केले माझ्यावर. पण सहा वर्षांच्या पोरीला उपकार कळतात होय?

मामाच्या घरापुढनं डांबरी सडक जायची. निघायच्या दिवशी मेंढरं तिथूनच जात. पुढं वडील, मध्ये सगळा कळप, आणि सगळ्यात मागं आई, पदरात नुकतं जन्मलेलं कोकरू. माझ्यापाशी आली की ती थांबायची, माझ्या डोक्यावरून हात फिरवायची, आणि चालायला लागायची. मग एकदासुद्धा माघारी बघायची नाही.

तो आमच्यातला नियमच आहे. शेवटच्या माणसानं वळून बघायचं नाही. ते थांबून वळलं की शेवटाची मेंढरं थांबतात, त्यांची तोंडं माघारी होतात, आणि मेंढराची जात तुम्हाला ठाऊकच आहे, एक फिरलं की सगळी फिरली. रस्त्याच्या मधोमध कळप उलटा झाला की मग बसा बोंबलत. शिवाय नजर हलली की एखादं लंगडं मेंढरू कडेच्या चारीत बसून राहतं. हे सगळं मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की मी गळा काढून रडतेय आणि ही बया वळत नाही. "आये! आये गं!" पाठ लहान लहान होत जायची आणि वळणाला दिसेनाशी व्हायची. मामी म्हणायची, "गप की आता, कान किटलं माझं." आणि आत नेऊन गुळाचा खडा द्यायची. मी तो थुंकून टाकायचे.

दर वर्षी हेच. म्हणून आईचं तोंड आठवायला मला अजून जरा वेळ लागतो, पण पाठ लगेच आठवते. डावा खांदा जरासा खाली. पदर कमरेला खोचलेला. टाच आधी टेकणारी चाल.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र मामा मला मेंढरांपाशी नेऊन सोडायचा. तेव्हा मी आईच्या बाजूनं चालायचे, आणि तिची करामत बघायचे. मागून गाडी आली की ती न वळता सांगायची. "टरक हाय." "यष्टी हाय." "फटफटी हाय, दोगं बसल्यात." आणि नुसता डावा हात वर करायची, थांब रे बाबा म्हणून. ड्रायव्हर थांबायचे. मी मुद्दाम वळून बघायचे, ही चुकते का म्हणून. कधी चुकली नाही. फटफटीवर दोघंच असायचे.

वडील गेले, मग कळपाच्या पुढं दादा चालायला लागला. मागं आईच. सोलापूरजवळ कुंभारीला आमचं दोन खोल्यांचं घर झालं तेव्हापासून माझं एकच टुमणं होतं, आये, आता पुरे, माझ्याकडं चल. रस्ते आता पहिल्यासारखे राहिले नाहीत, चार पदरी झालेत, गाड्या भन्नाट सुटतात, उद्या एखादी अंगावर आली म्हणजे? ती म्हणायची, "मागं कोण ऱ्हाईल?" मी म्हणायचे, वहिनी राहील. ती म्हणायची, "बघू की." तिचं बघू की म्हणजे नाही. आणि खरं सांगायचं तर तिच्या जिवाची काळजी हे माझं वरवरचं कारण होतं. आतलं कारण हे, की मला आई हवी होती. पस्तिशीच्या बाईनं असं म्हणणं शोभत नाही. पण हवी होती, घरात, समोर बसलेली.

तर ते भांडण. एक दिवस कामात मेंढरांच्या कळपाचे फोटो आले. हायवे आपल्याकडचाच, कुठला ते कळायला मार्ग नाही. कळप पुढं चाललेला, गाडी मागनं येतेय, आणि शेवटी एक बाई, पाठमोरी. माझी आई नव्हती ती. आईची चाल मी ओळखते. पण बाई आमच्यातलीच. मी चौकट ओढली, पाठमोरी लिहिलं, आणि पुढं ठोकलं: भान आहे. पुढचा फोटो, भान आहे. त्याच्या पुढचा, भान आहे. पुढच्या काही दिवसांत असे आणखी दोन-तीन कळप आले. सगळ्यांच्या शेवटी बाया, आणि सगळ्या बायांना मी भान दिलं.

सगळं रिजेक्ट होऊन परत आलं. आमचं काम तपासणारी पोरगी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, विणकराच्या घरची, घरात तेलुगू बोलणारी. मला अक्का म्हणते. ती खुर्ची ओढून शेजारी बसली.

"अक्का, काय की हे? तिचं तोंड पलीकडं आहे. मान वळलेली नाही. तिला कसं कळणार गाडी आली ते?"

"कळतं तिला."

"कशावरनं?"

"कशावरनं म्हणजे? मेंढरांच्या मागं चालणारी बाई आहे ती. तिला ट्रक कुठला आणि एसटी कुठली हे न बघता कळतं. तुझ्या नियमवाल्याला म्हणावं, चाल म्हणावं चार कोस मेंढरांमागं!"

"अक्का, फोटोत जे दिसतं तेच लिहायचं. तुझ्या मनातलं नाही."

"फोटोत भान दिसतं होय गं? तुला माझं दिसतंय का?"

सगळं ऑफिस आमच्याकडं बघायला लागलं. पोरगी गुणाची, चिडली नाही. म्हणाली, "बरं, मला पटवून दे. दाखव एखादी बाई न बघता हात करताना. मी वर पाठवते, नियम बदलून मागते." माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली होती. म्हटलं, रविवारी दाखवते.

त्या दिवसांत दादाचा मुक्काम टेंभुर्णीच्या अलीकडं होता. रविवारी सकाळी मी आणि नवरा मोटारसायकलवरून निघालो. दादाला फोन करून विचारलं, तर कळप हायवेच्या कडेच्या लहान रस्त्यानं दुसऱ्या रानाकडं चालला होता. आम्ही मागनं गेलो. लांबून धूळ दिसली, मग मेंढरं, आणि मग ती पाठ. वय कितीही होऊ दे, ती पाठ दिसली की मी मामाच्या दारात उभी असते.

पण त्या दिवशी मी रडायला आले नव्हते, पुरावा न्यायला आले होते. नवऱ्याला म्हटलं, मी कडेनं चालत शूटिंग करते, तू मागनं गाडी आण, जवळ आलास की हॉर्न दे. बघ आता कशी हात करते ती. मी मोबाइल धरला. नवरा आला. हॉर्न दिला. आईचा हात खालीच.

मला वाटलं, हॉर्न हळू वाजला असेल. मी खूण केली, पुन्हा दे. त्यानं चांगला लांबलचक दिला. शेवटच्या मेंढरांचे कान मागं झाले, ती रस्ता सोडून कडेला सरकली. आणि मेंढरं सरकलेली बघून आईनं हात वर केला. तोवर गाडी तिच्यापासून हातभरावर आली होती, नवऱ्यानं करकचून ब्रेक लावला.

मी मोबाइल खाली घेतला आणि हाक मारली, "आये!" वळली नाही. नियमच आहे तो, मी मनाला म्हटलं. "आये गं!" पुन्हा मारली, अगदी पाठीशी जाऊन मारली. माझ्या आवाजानं पुढची दोन मेंढरं दचकली. आई चालत राहिली. तेव्हा कळलं मला.

रानात मेंढरं बसवल्यावर मी तिला बाभळीखाली गाठलं. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा तिला दिसले. केवढी हसली. माझी हनुवटी धरली. मी म्हटलं, "आये, तुला ऐकू येत नाही." ती म्हणाली, "व्हय, जेवून जावा." मी हातानं कान दाखवला. तिचं हसू गेलं. तिनं आधी दादाकडं बघितलं, तो लांब वाघर बांधत होता, मेंढरं कोंडायची जाळी. मग मला जवळ ओढून म्हणाली, "दादाला सांगू नगं."

"कधीपासून?"

"दोन वरीस झालं. हळूहळू." माझं तोंड बघून तिला समजत असावं. "मेंढरं सांगत्यात की मला. त्येंचं कान बघून चालतीया."

"मेंढरं सांगतील तवर गाडी अंगावर येईल! आज आलीच होती!" मी ओरडत होते आणि रडत होते. "रस्त्यावर मरायचंय का तुला?"

तिनं माझे डोळे पदरानं पुसले. तो पदर मेंढरांचा वास मारत होता. मग म्हणाली, "कान गेलं म्हनून रडतीस व्हय? मला बरं वाटतंय."

"काय बोलतेस?"

"तू मामाच्या दारात रडायचीस. पार वळणापतूर ऐकू यायचं. वळणाच्या पलीकडं बी यायचं. कान धड हुते, काय करनार? एकदा जरी वळले असते तर मेंढरं तितंच सोडून माघारी आले असते. तवा म्हनायचे, देवा, कान ने माझं." तिनं सुस्कारा टाकला. "नेलं. लई उशिरा नेलं."

इतकी वर्षं माझी समजूत अशी की तिला माझं रडणं पोचतच नसेल, नाहीतर कुठली आई अशी जाईल? ती जात होती, ऐकत ऐकत जात होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. उठताना तिनं पुन्हा तेच म्हटलं, दादाला सांगू नगं, त्यो मला घरी बसवील. मी म्हटलं, नाही सांगत. तिला पटावं म्हणून गळ्याला हात लावून म्हटलं.

सोमवारी ऑफिसात पोरगी म्हणाली, "दाखव की व्हिडिओ, अक्का." मी म्हटलं, नाही मिळाला. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ती आपल्या खुर्चीवर जाऊन बसली. शहाणी आहे ती. माझे परत आलेले सगळे फोटो तसेच पडले होते, मलाच दुरुस्त करायचे होते. मी पहिला उघडला. बाई, पाठमोरी, पदर खोचलेला. भान आहे, हे मी खोडलं. भान नाही. दुसरा. भान नाही. तिसरा. कुणाचं ऐकू येणं कुठवर आलंय हे मला काय ठाऊक होतं? मी सगळ्यांना आपल्या तरण्या आईचे कान लावून मोकळी झाले होते.

दहा-बारा फोटो झाले असतील, आणि माझं मलाच तोंडात मारल्यासारखं झालं. मी हे कुणाला सांगत होते? कुठल्या मुलखातल्या, कधी न बघितलेल्या गाडीला सांगत होते, की बाई गं, ही पाठमोरी आहे, हिला कळत नाही, दमानं ये. गाडीला सांगत होते आणि दादाला सांगत नव्हते.

मी जिन्यात गेले आणि फोन लावला. गळ्याला हात लावून दिलेला शब्द मोडला. दादानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला वाटायचं, ती माझ्यावर रुसलीया. मी हाका मारायचो, ती ओ द्यायची न्हाय. मी बी बोलायचं सोडलं हुतं." पाठीमागं मेंढरं ओरडत होती.

दोन दिवसांनी कळपाच्या मागं वहिनी चालायला लागली, आणि दादा आईला पिकअपमधून कुंभारीला सोडून गेला. सामान म्हणजे एक पिशवी आणि घोंगडं. मी दारात उभी होते. सहा वर्षांची होते तेव्हापासून जिची वाट बघत होते ती बाई माझ्या घरी राहायला आली, आणि माझ्याकडं न बघता आत गेली, कोपऱ्यात घोंगडं पसरलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

तीन दिवस तसंच. जेवण ठेवलं की जेवायची, पण पाठ करून. चहाचा कप रिकामा झाला की न बघता मागं सरकवायची. नवरा मला हळूच म्हणाला, तुझा राग कुठनं आला ते आता कळलं. मी हसले नाही. तिची पाठ माझ्या घरात होती, हातभर अंतरावर, आणि मला ती वळणाच्या पलीकडं गेल्यासारखीच वाटत होती.

चौथ्या दिवशी डॉक्टरकडं नेलं. कानातलं मशीन मिळालं. तिनं ते दुपारभर घातलं, मग काढून माझ्या हातात दिलं. "डोस्क्यात गिरण चालू झाल्यागत हुतंय. ठेव तुझं तुला." एवढंच बोलली आणि पुन्हा भिंतीकडं.

त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. मी जरा मोठ्यानं बोलत होते. एक मेंढी व्याली होती, जुळं झालं होतं, वहिनीला शेवटचं लंगडं मेंढरू दमवत होतं. मी "बरं, बरं" म्हणत होते. आईला ऐकू येत नव्हतं; पण माझी सावली भिंतीवर हलत असेल, नाहीतर तिला मेंढरांचा विषय आपला आपणच कळला असेल. ती एकदम वळली. गुडघ्यांवर सरकत माझ्यापुढं येऊन बसली.

"त्याचा हाय न्हवं? काय म्हनतोय?"

मी सांगितलं. तिला कळेना. "हळू बोल," ती म्हणाली, आणि माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं. मी हळू बोलले. मेंढी, व्याली. जुळं. तिचे डोळे माझ्या ओठांवर होते. एकेका शब्दाला तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. इतक्या जवळनं, इतका वेळ ती माझ्याकडं कधी बघत बसली नव्हती. कपाळावर एक व्रण आहे तिच्या, मला माहीतच नव्हता.

"फुडं?" ती म्हणाली.

दादानं फोन केव्हाच ठेवला होता. मी मोबाइल कानाशी तसाच धरला आणि पुढं सांगत राहिले, काळं मेंढरू बरं चरतंय, विहिरीला पाणी हाय, कोकरं लई उड्या मारत्यात, जे तोंडाला येईल ते. आई बघत होती.